कव्हरवरची बाई

ऋजुता सामंत पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा माझे दोन्ही हात डाळीच्या पिठाने बरबटलेले होते. मी कोपराने कडी काढली. बाहेर पस्तिशीची, जाड चष्म्याची, पाठीवर सॅक अडकवलेली एक मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मी तिला उठवायला गेले, तर पीठ तिच्या केसांना लागलं.

"रीनाजी," ती म्हणाली, "दोन वर्षं शोधतेय मी तुम्हाला."

"अगं, उठ. रीना मी नाही. म्हणजे आहे, पण गाणारी ती मी नाही."

तिला वाटलं मी विनयाने बोलतेय. आत येऊन ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली, देवळात बसावं तशी, आणि सॅकमधून रेकॉर्डचं कव्हर काढून तिने टीपॉयवर ठेवलं. नारिंगी साडी, मोकळे केस, कपाळावर रुपयाएवढी टिकली, मान अशी वळवलेली की जणू मागून कुणीतरी हाक मारलीये. 'ऊन माझ्या हातात'. गायिका रीना. ती मीच. बावीस वर्षांची मी.

मी हात धुऊन आले आणि तिला सगळं सांगितलं. गिरगावातल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत मी टायपिस्ट होते. कंपनीचे मालक शेवडेसाहेब. एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन थांबले, माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, कर्णिकबाई, वेणी सोडा आणि शेजारच्या फोटो स्टुडिओत जा. साडी स्टुडिओचीच होती. टिकलीही. आवाज मात्र नगरच्या एका शाळामास्तरणीचा होता, एस्तेर ओहोळ तिचं नाव. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचं गाणं बसवणारा ॲग्नेलो नावाचा ट्रंपेटवाला शेवडेसाहेबांची वाट बघत माझ्या टेबलाशी बसायचा, तो एस्तेरशिवाय दुसरं काही बोलायचाच नाही. नगरच्या चर्चमध्ये त्याने तिला ऐकलं होतं. पण शेवडेसाहेबांच्या मते एस्तेर ओहोळ या नावावर मराठी रेकॉर्ड खपली नसती, आणि मास्तरणीचा चेहरा तर कव्हरवर नकोच. म्हणून नाव रीना, फोटो माझा.

ऋजुताने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तुम्ही अजिबातच गात नाही?"

"मी आरती म्हणायला लागले की घरातले टाळ्या जोरात वाजवतात."

ती हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. मग तिने तिची हकिकत सांगितली. ती आणि तिचे दोन मित्र मिळून विस्मृतीत गेलेल्या जुन्या रेकॉर्डी शोधून नव्याने काढायचे. हा एलपी तिला बंगळुरूच्या जुन्या बाजारात सापडला होता. असल्या गाण्याला सोल म्हणतात, ती म्हणाली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून हे गाणं बाहेर पडलं, रस्त्यावर आलं, प्रेमाबद्दल, घरभाड्याबद्दल, सोडून गेलेल्या माणसांबद्दल बोलायला लागलं. पण देवापुढे उभं राहून गायची त्याची सवय काही सुटली नाही. मराठीत असं कुणी गायलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. सुई टेकवली आणि ती जागच्या जागी खाली बसली म्हणे. रेकॉर्ड निघाली तेव्हा बाजारात तिला कुणी विचारलं नव्हतं. शेवडेसाहेबांची कंपनी वर्षभरात बंद पडली. आता त्यांच्या मुलाकडून ऋजुताने हक्क मिळवले होते, गाणी साफसूफ करून घेतली होती, सगळं तयार होतं. फक्त गायिकेला विचारल्याशिवाय तिला रेकॉर्ड काढायची नव्हती. कुणाच्यातरी नातवाने 'कव्हरवरची रीना' असं लिहून फेसबुकवर टाकलेला माझा फोटो पाहून ती ठाण्याला पोचली होती.

आमच्या घरात ती रेकॉर्ड होतीच. माझं लग्नच तिच्यामुळे जमलं. गिरिधर गुप्ते नावाच्या गृहस्थाने ती फुटपाथवरून विकत घेतली, आवाजाच्या प्रेमात पडला आणि एका नातेवाइकाच्या मुंजीत मला पाहून हातातली जिलबी तशीच धरून उभा राहिला. दुसऱ्या भेटीत, इराण्याच्या हॉटेलात, मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं. त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "त्या एस्तेरबाईंचं लग्न झालंय का?" मी पर्स उचलून निघाले. बिल न देताच तो मागे धावत आला आणि त्याच्यामागे हॉटेलवाला. पुढे आमचा संसार छत्तीस वर्षं उत्तम झाला. सासूबाईंना मात्र आम्ही शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. आमची सून रेकॉर्डवर गायलीये, पण बाळंतपणात तिचा घसा गेला, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

ऋजुताने नगरच्या दोन-तीन चर्चना फोन लावले आणि दुसऱ्याच दिवशी एस्तेरबाई सापडल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, सावेडीला धाकट्या भावाबरोबर राहणाऱ्या. ऋजुताने त्यांना फोन केला. संध्याकाळी तिचा मला फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. एस्तेरबाईंनी रेकॉर्डचं नाव ऐकलं, त्या रेकॉर्डशी माझा काहीही संबंध नाही म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

"आता काय करायचं, काकू?"

मला एकदम हुरूप आला. साठी ओलांडून चार वर्षं झाली होती, गिरिधर गेल्यावर घरात मी एकटी होते, आणि कितीतरी दिवसांत काही म्हणजे काही घडलं नव्हतं. मी म्हटलं, करायचं काय, आपण जायचं. त्यांना काय वाटत असेल ते समोरासमोर बोलू. ज्या बाईच्या आवाजावर मी एवढी वर्षं मिरवलं, तिला एकदा भेटायलाच हवं होतं.

शनिवारी सकाळी तिच्या छोट्या गाडीतून आम्ही निघालो. मागच्या सीटवर सुटकेससारखा दिसणारा रेकॉर्ड प्लेअर होता, त्याच्या शेजारी गिरिधरची रेकॉर्ड, मऊ चादरीत गुंडाळलेली. मी नारिंगी साडी नेसले होते. मुद्दाम. कपाळाला मोठी टिकलीही लावली होती. माझं गणित असं की दार उघडल्याबरोबर बाई मला ओळखतील, आश्चर्याने हसतील आणि अर्धं काम तिथेच होईल. माळशेज घाटात ऋजुताने गाणी लावली, मी खिडकीवर ठेका धरला, आळेफाट्याला चहा घेतला. ट्रकवाले वळून बघत होते. मला त्याचंही काही वाटेना. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

घर बैठं होतं, पुढे लहानसा ओटा, जाळीचं दार, कुंड्यांत जास्वंद. बनियन आणि लुंगीवरचे एक गृहस्थ ओट्यावर पेपर वाचत बसले होते. हे धाकटे भाऊ, शांतवन ओहोळ, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेपर त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडला.

"ताई," ते आत तोंड करून म्हणाले, "ती आलीये."

"कोण ती?"

"ती. कव्हरवरची."

आतून एस्तेरबाई आल्या. उंच, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात भाजी चिरायची सुरी. जाळीच्या दारातून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी पाहिली, टिकली पाहिली. मी माझं ठेवणीतलं हसू आणलं. त्यांनी आतलं लाकडी दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मी आणि ऋजुता ओट्यावर. शांतवनभाऊही ओट्यावरच, बनियनमध्ये.

"आता मलापण घेणार नाही ती आत," ते म्हणाले. "बसा."

आम्ही बसलो. ते फार चांगले गृहस्थ होते. बहिणीची बाजू घ्यावी की पाहुण्यांना पाणी विचारावं, अशा कात्रीत सापडले होते. पाणी तर दाराच्या पलीकडे होतं. मी त्यांना विचारलं, बाईंचा राग आहे तरी कशाचा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वेड पांघरतेय असंच त्यांना वाटलं असावं. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं.

मुंबईला गाणी रेकॉर्ड करून परत आल्यावर एस्तेरबाई रेकॉर्डची वाट बघत होत्या. कंपनीकडून काही कळेना. ॲग्नेलो बोटीवरच्या बँडमध्ये नोकरी धरून निघून गेला होता. मग एक दिवस शाळेतून घरी येताना कापड बाजारात एका दुकानाच्या काचेत त्यांना रेकॉर्ड दिसली. मागच्या बाजूला गाण्यांची नावं, सगळी त्यांचीच, त्यांनीच रचलेली. पुढे नारिंगी साडीतली कुणी दुसरीच. नाव दुसरंच. त्यांनी दुकानदाराला विचारलं, ही गाणी कुणी म्हटलीत. तो म्हणाला, ही काय फोटोत आहे की, रीना.

"ताई घरी आली," शांतवनभाऊ म्हणाले, "आणि तिने मला सांगितलं, माझी गाणी दुसरीकडून म्हणवून घेतली. त्या दिवसापासून एकटी कधी गायली नाही. चर्चमध्ये क्वायरच्या मागच्या रांगेत उभी राहते, खालच्या पट्टीत, कुणाला ऐकू येणार नाही असं."

"आणि रेकॉर्ड ऐकली नाही?"

"घरात वाजवायला होतं काय तेव्हा? मी एकदा म्हटलं, मित्राकडे आहे, ऐकून तर बघू. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी."

मला समजायला जरा वेळ लागला. मग एकदम समजलं. दाराच्या पलीकडे जी बाई भाजी चिरत होती, ती चाळीस वर्षं अशा समजुतीत होती की तिची गाणी मी गायले. मी. शरयू गुप्ते, पूर्वाश्रमीची कर्णिक, जिला शाळेत समूहगीताच्या वेळी बाई म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. मला हसू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला, पण ते आवरेना. ऋजुता भीतीने माझ्याकडे बघत होती.

तिने मग शहाण्यासारखा विचार केला. मोबाइल काढला, त्यात गाणी होती, आवाज पूर्ण वाढवून तो खिडकीशी धरला. ट्रंपेट वाजला, ऑर्गन सुरू झालं. गाणाऱ्या बाईचा आवाज यायच्या आतच घरातला टीव्ही लागला. कसली तरी पाककृती. गाणं चढत गेलं तसा टीव्हीचा आवाजही वाढला, शेवटी हळद, तिखट आणि चवीपुरतं मीठ सगळ्या कॉलनीला ऐकू जायला लागलं. मोबाइल बिचारा डासासारखा गुणगुणत होता. रेकॉर्ड प्लेअर आणायचा तर त्याचा प्लग लावायला घरात जायला हवं.

"जाऊ दे काकू," ऋजुता म्हणाली. "जबरदस्ती करून चालणार नाही. रेकॉर्ड नाही निघाली तर नाही निघाली."

ती उठली. तिचे डोळे भरलेले पाहिले आणि माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी ओट्यावर उभी राहिले, खिडकीकडे तोंड केलं आणि पोटातून जेवढा म्हणून निघेल तेवढा आवाज काढून गायला लागले.

*कडी लावू नको, मी अजून दारात आहे,*
*सूर्य बुडाला तरी ऊन माझ्या हातात आहे.*

गिरिधर दर रविवारी ही रेकॉर्ड लावायचा. शब्द मला झोपेतही आले असते. सुराचं काय सांगू? मी एका जागेवरून निघाले आणि दुसऱ्याच कुठेतरी पोचले, मध्ये ज्या जागा लागल्या त्या कुठल्याच गाण्यात नसतील. 'आहे'वर जो लांब वर जाणारा आलाप आहे तोही मी घेतला. सोडला नाही. समोरच्या घरातल्या बाई हातात पापडाचं ताट घेऊन धावत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, शांतवनभाऊ, कुणाला काही झालंय का? शांतवनभाऊंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते, त्यांना ऐकूच आलं नाही. ऋजुता तोंड वळवून जास्वंदीकडे बघत होती, तिचे खांदे हलत होते.

मी दुसरं कडवं सुरू केलं. टीव्हीचा आवाज कमी झाला. तिसऱ्या ओळीला टीव्ही बंद झाला. मी थांबले नाही, आता थांबायची लाज वाटत होती. कडी सरकली. लाकडी दार उघडलं, जाळीचं दार उघडलं, एस्तेरबाई बाहेर आल्या. सुरी हातातच होती.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

"ताई, नको," शांतवनभाऊ म्हणाले.

"तू गप्प बस. म्हणा बाई. ती पहिली ओळ. सावकाश."

मी म्हटली. सावकाश म्हटल्यामुळे ती आणखी वाईट झाली. त्या शाळेत परीक्षा घेत असल्यासारख्या मान तिरपी करून ऐकत होत्या. ओळ संपली. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. त्यांनी सुरी शांतवनभाऊंच्या हातात दिली, दाराच्या चौकटीला टेकल्या आणि खाली बसेपर्यंत हसल्या. डोळ्यांतून पाणी, अंबाडा सुटलेला. मीही त्यांच्या शेजारी बसले, दोघी हसतोय, का ते समोरच्या पापडवाल्या बाईंना कळेना, पण त्याही हसायला लागल्या.

"हे तुम्ही रेकॉर्डवर म्हटलंत?" त्या कशाबशा म्हणाल्या.

"मला रेकॉर्डवर घेतलं असतं तर शेवडेसाहेबांची कंपनी महिनाभर आधीच बुडाली असती."

हसू ओसरलं तशा त्या माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं, आणि ते जुळू द्यायची त्यांना भीती वाटत होती, असं मला दिसलं.

"मग कोण गायलंय?"

मी ऋजुताला खूण केली. ऋजुताने गाडीतून प्लेअर आणला, शांतवनभाऊंनी टीव्हीचा प्लग काढून त्याचा लावला. एस्तेरबाई लाकडी खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर. सुई टेकली. आधी थोडी खरखर, मग ॲग्नेलोचा ट्रंपेट, मग तो आवाज. गुरुवारच्या प्रार्थनेला जमलेल्या माणसांपुढे उभं राहावं तसा सरळ, कुठेही लाडीगोडी नाही, आणि मग एकदम पोटातून वर येऊन छपराला लागणारा.

एस्तेरबाई भुवया उंचावून ऐकत राहिल्या. "चांगली गातेय," त्या म्हणाल्या. "कोण आहे ही?"

आधी रडायला लागले ते शांतवनभाऊ. सुरी अजून त्यांच्या हातात होती. "ताई," ते म्हणाले, "ही तू आहेस."

एस्तेरबाईंनी हात वर करून भावाला गप्प केलं. दुसरं कडवं सुरू झालं होतं. त्यात एके ठिकाणी गाणारी बाई श्वास घेते, छोटासा, घाईचा, ऐकू येईल असा. तो श्वास ऐकला आणि एस्तेरबाईंचा हात गळ्याशी गेला. गाणं संपेपर्यंत तो तिथेच होता.

"तिथे मला खोकला आला होता," त्या म्हणाल्या. "मी ॲग्नेलोला म्हटलं, पुन्हा घेऊ. तो म्हणाला, नको, राहू दे."

सुई पुढच्या गाण्यावर गेली.

"दुसरीने गायलं याचा मला राग नव्हता हो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "रागावले ते तोंडदेखलं. मला वाटत होतं, माझ्या आवाजात काहीतरी कमी असेल. त्यांनी ऐकला असेल आणि म्हटलं असेल, हिच्याच्याने नाही जमलं, दुसरीला बोलवा. नाव गाळलं, फोटो गाळला, ते मला कळलं असतं. आम्हाला ते नवीन नाही. पण मला वाटलं, आवाजच काढून टाकला."

"आवाज सोडून सगळं काढलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पाय आपोआप ठेका धरायला लागला होता. तिसऱ्या गाण्यात ट्रंपेट जरा लवकर येतो, तिथे त्या एकदम चिडल्या, याला मी तिथेच सांगितलं होतं म्हणाल्या. चौथ्याला त्या उठून उभ्या राहिल्या. पाचव्याला त्यांनी आपल्याच आवाजाच्या खाली दुसरा आवाज धरला, आणि घरातली भांडी थरथरल्याचा मला भास झाला. रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी किती वेळा वाजली कुणी मोजलं नाही. कॉलनीतली माणसं आत येऊन बसत होती, पापडवाल्या बाईंनी सगळ्यांसाठी चहा केला. मग भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी झाली, आणि मी ज्या हावरेपणाने ती खाल्ली त्यावर एस्तेरबाई म्हणाल्या, तुझा गळा गाण्यासाठी नाही गं, देवाने तो दुसऱ्याच कामाला दिलाय. 'तुम्ही'चं 'तू' तिथेच झालं.

नवीन रेकॉर्डचं कव्हर कसं करायचं, यावर मात्र भांडण झालं. ऋजुता आणि मी, दोघींचंही म्हणणं होतं की एस्तेरबाईंचाच फोटो हवा. शांतवनभाऊंनी बहिणीचा तरुणपणीचा फोटो शोधून काढला, ऑर्गनशेजारी उभ्या, रोखून बघणाऱ्या. फार सुंदर होता. एस्तेरबाई म्हणाल्या, तो मागे छापा. पुढे हीच राहू दे. मी विचारलं, का. तर म्हणाल्या, एवढी वर्षं मी या तोंडाचा राग केलाय, आता ते माझ्या सवयीचं झालंय. पण नाव पुढेच हवं. पूर्ण. एस्तेर दानिएल ओहोळ. आणि तुझ्या डोक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत.

रेकॉर्ड पावसाळ्याच्या तोंडावर निघाली. पुण्यात एका छोट्या थिएटरात कार्यक्रम ठेवला होता. सगळी तरुण पोरं, कुणी जमिनीवर बसलेली, कुणी पायऱ्यांवर. नगरहून चर्चचा क्वायर एक बस करून आला होता. एस्तेरबाईंना एकाहत्तरावं लागलं होतं. पडद्यामागे त्या उभ्या होत्या आणि अंबाडा पुन्हा पुन्हा घट्ट करत होत्या.

"शरयू, तू पण चल वर," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मला वेड लागलंय का.

"माझ्या शेजारी नुसती उभी राहा. ओठ हलव. तुझा माइक बंद ठेवायला सांगते मी. लोकांनी चेहरा तुझा आणि आवाज माझा असंच विकत घेतलंय, त्यांना दोन्ही बघू देत. मी एकटी गायलीच नाही गं इतक्या वर्षांत. बाजूला कुणीतरी लागतं."

म्हणून मी गेले. नारिंगी साडी होतीच. आम्ही दोघी दिव्यांच्या उजेडात आलो आणि मागे कव्हर मोठं करून लावलं होतं. पोरांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि असा काही गोंगाट केला की मला वाटलं छत खाली येईल. एस्तेरबाईंनी डोळे मिटले. पहिलं गाणं जरा जपून झालं. दुसऱ्यापासून त्या सुटल्या. मी ओठ हलवत होते, मान वळवत होते, मागून कुणीतरी हाक मारल्यासारखं बघत होते, शिट्ट्या पडत होत्या. आयुष्यात मला इतकी मजा कधी आली नव्हती.

शेवटचं गाणं ते. कडी लावू नको. सगळं थिएटर उभं राहून म्हणत होतं. माझ्या आत काहीतरी भरून आलं, आणि ओठ हलवता हलवता मी कधी गायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. मोकळ्या गळ्याने. 'ऊन माझ्या हातात'वर माझा आवाज चहूबाजूंच्या स्पीकरमधून माझ्याच अंगावर आला. माइक बंद करायला कुणीतरी विसरलं होतं.

बँडची पोरं दचकली. पहिल्या रांगेत ऋजुताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी नको तिथे जाऊन पोचले होते आणि आता परत यायची वाट मला माहीत नव्हती. मी एस्तेरबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले. हसल्या नाहीत, थांबल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला, मी जिथे उभी होते त्याच्या खाली आपला सूर आणून ठेवला आणि तो तसाच धरून राहिल्या. खालून आधार मिळाला तसा माझा तो वेडावाकडा सूर, कसा कोण जाणे, तिथलाच वाटायला लागला. जणू गाण्यात तो पहिल्यापासून होता.

"सोडू नकोस," त्या दोन ओळींच्या मध्ये माझ्या कानात म्हणाल्या. "तिथेच राहा. मी आहे."

मी राहिले.